बिनवासाची खोली

वास येणं बंद झालं तेव्हा मला भेटायला कुणी आलं नाही. पाय मोडला असता तर अख्खी गल्ली शहाळी घेऊन आली असती. ताप उतरला, खोकला गेला, रिपोर्ट चांगले आले, मग रडायचं कशाला, असं सगळ्यांचं म्हणणं. नणंद फोनवर म्हणाली, "बरं झालं की वहिनी, गटारींचा तेवढा त्रास वाचला." मीही हसले. फोन ठेवला आणि गॅस बंद आहे का ते पाहून आले. परत बसले, परत उठले. तापाच्या त्या साथीनंतरची तीन वर्षं मी अशीच उठबस करत काढली. दूध लागलेलं कळत नाही, भात करपलेला कळत नाही, आपल्या अंगाला घामाचा वास येतोय का तेही कळत नाही. म्हणून सारखं तपासत राहायचं. बूड टेकवून बसणं म्हणजे काय, ते मी विसरूनच गेले होते.

मी त्रिशला मगदूम. सांगलीजवळच्या एका दूध संघात तुपाची प्रत ठरवायच्या टेबलावर मी बसायची. कढई उतरली की नमुना माझ्याकडे यायचा. बोटभर तूप तळहातावर चोळायचं, नाकाशी न्यायचं आणि सांगायचं: कच्चं, जास्त कढलेलं, की बरोबर. शेजारी वास मोजणारं यंत्र होतं, कामगार त्याला 'नाकाडं' म्हणायचे. पण तूप खाणार माणूसच, तेव्हा शेवटची सही माणसाच्या नाकाची, असा संघाचा नियम होता. वास गेल्यावर माझी बदली आवक-जावक विभागात झाली. तिथं मी शिक्के मारत बसायची आणि टेबलाखाली पाय हलवत राहायची.

माझे मिस्टर सन्मती, मार्केट यार्डात हळदीचे अडते. नाकासमोर चालणारा माणूस. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शन, मग यार्ड, मग दिवस मावळायच्या आत घरी जेवण. लग्नानंतर कितीतरी वर्षं हे दारातून आत आले की हळद, घाम आणि चंदनाचं गंध असा तिहेरी वास आधी यायचा आणि माणूस मागून. तीन वर्षं मला ती हळद फक्त यांच्या बनियनवर पिवळी दिसत होती. माणूस समोर बसलेला असायचा आणि मला वाटायचं, कुणीतरी यांचा फोटो आणून खुर्चीत ठेवलाय. हे मी यांना कधी बोलले नाही. बोलले असते तर त्यांनी हसून "हार घाल की मग," असं म्हटलं असतं.

मिरजेच्या एका दवाखान्यात नवे थेंब आल्याचं कळलं, तेव्हा यांनीच नाव नोंदवलं. डॉक्टर ऋजुता सबनीस आमच्या मुलीच्या वयाच्या. भराभर बोलणाऱ्या, पण समजेपर्यंत सोडायच्या नाहीत.

"काकू, तुमच्या वास घेणाऱ्या पेशी मेलेल्या नाहीत," त्या म्हणाल्या. "त्यांच्या आतली मांडणी मोडलीय."

मग त्यांनी पडद्यावर एका पेशीचं केंद्रक दाखवलं. तेवढ्याशा गोळ्यात जनुकांचा जवळजवळ दोन मीटर लांब धागा कोंबलेला असतो. कोंबलेला म्हणजे कसाही नव्हे. केंद्रकात भिंती नसलेल्या खोल्या असतात. कडेच्या आवरणाला चिकटून जी जनुकं पडलेली असतात ती बहुतेक झोपलेली. मधेमधे काही ठिपके असतात, जनुक वाचण्याचं बरंचसं सामान तिथं गोळा झालेलं. ठिपक्यापाशी सरकलेलं जनुक जोरात वाचलं जातं. जनुक तेच, पण ते कुठं बसलंय यावर त्याचं बोलणं आणि गप्प राहणं ठरतं.

"पंगतीतल्यासारखं," हे म्हणाले. "वाढप्याच्या वाटेवर बसला तो पोटभर जेवला. कोपऱ्यातला राहिला तसाच."

"अगदी," डॉक्टर म्हणाल्या. "आणि वासाच्या पेशीत तर कमालच असते. वास ओळखणारी चारशेच्या आसपास जनुकं. प्रत्येक पेशी त्यातलं एकच निवडते. बाकीच्यांचं गाठोडं घट्ट आवळून मधोमध गप्प बसवते, आणि निवडलेल्या एकाला वाचायला लावणारी एक खास जागा तयार करते. तापाच्या साथीत शेजारच्या पेशी आजारी पडल्या, दाह उसळला, त्यात ही गाठोडी विसकटली आणि ती जागाही मोडली. पेशी जिवंत आहे, पण काय वाचायचं तेच तिला ठरवता येत नाहीये. आमचे थेंब ही मोडकी मांडणी पूर्ण सोडवतात आणि पेशीला पहिल्यापासून निवड करू देतात."

"आणि तोटा?" मी विचारलं. संघात इतकी वर्षं काढल्यावर माणूस तोटा आधी विचारतो.

तोटा होता. थेंब नाकात थांबत नाहीत. नाकाच्या वरच मेंदू, तिथल्या चेतापेशींत थोडे झिरपतात. आठवण पक्की करणारी जनुकं एरवी कडेला झोपलेली असतात, ती त्या दिवसांत उठून ठिपक्यांपाशी येऊन बसतात. तेव्हा जो वास आत जाईल आणि त्या घडीला जे वाटत असेल, ते दोन्ही एकत्र लिहिलं जातं आणि ठळक लिहिलं जातं. थेंब घातल्यावर काही तास जीव जाईस्तोवर मळमळतं. म्हणून खोली बिनवासाची. हवा गाळून येणार, जेवायला नुसती पेज, नर्सच्या केसांनासुद्धा तेल नाही. मळमळ थांबली की लिंबू, लवंग, गुलाब, तूप अशा बाटल्या हुंगायला द्यायच्या, त्याआधी काही नाही.

"घरचा डबा नको. घरचं माणूस नको," डॉक्टर म्हणाल्या.

"माणूस पण नको?" यांनी दोनदा विचारलं.

आमच्याकडे दवाखान्यात कुणी एकटं पडलं म्हणजे त्याला मागे-पुढे कुणी नाही असं समजतात. साध्या मूळव्याधीच्या ऑपरेशनलाही खाली सतरंजीवर चार माणसं झोपलेली असतात. हे मान हलवत बाहेर गेले, पण गेले कुठले? जिन्याखालच्या बाकावर मुक्काम ठोकला.

पहिला दिवस मी एकटीनं काढला. दुसऱ्या दिवशी थेंबांनंतर असं उलटलं की आतडी बाहेर येतात की काय वाटलं. नर्स मुलगी चांगली होती, पण तिला आणखी खोल्या होत्या. पांढऱ्या भिंती, बंद खिडकी आणि मी. मला तिथं क्षणभर राहवेना. मी फोन उचलला.

"अहो, या की वर."

"डॉक्टर ओरडतील गं."

"ओरडू देत. मला एकटीला होईना झालंय. आणि वास येतोय कुठं अजून? वासच येईना तर वासाची आठवण कसली व्हायचीय?"

हे माझं डोकं. तुपाच्या नमुन्यात केसाएवढा फरक पकडणारं, आणि तिथं असं घसरलं. यांनाही ते पटलं, कारण यांना पटवून घ्यायचंच होतं. मागच्या जिन्यानं आले, सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या आणि माझ्यापुढं भांडं धरलं. एक हात माझ्या कपाळावर. त्या दिवशी आले, दुसऱ्या दिवशी आले, थेंबांचे दिवस संपेपर्यंत रोज आले. नर्सनं पाहिलं आणि तोंड फिरवलं. तिचीही आई कधीतरी दवाखान्यात पडली असेल. मी यांच्या छातीवर डोकं टेकवून ओकायची आणि म्हणायची, तुम्ही आहात म्हणून निभतंय.

पुढं डॉक्टरांनी सांगितलं ते असं की वास *कळायला* वेळ लागतो, पण नव्या निवडलेल्या पेशी मेंदूकडे बातम्या पाठवायला आधीच लागलेल्या असतात. मला काही कळत नव्हतं. आत मात्र लिहिणं चाललं होतं.

वास आला तो बाटलीतून नव्हे. डॉक्टरांनी तपासायला वाकताना तोंड उघडलं आणि मी म्हणाले, "तुम्ही आलं घातलेला चहा प्यालात." त्या टाळ्या पिटत सुटल्या. मग लवंग आली, गुलाब आला, आणि तुपाची बाटली नाकाशी नेली तेव्हा मी हमसून रडले. कोणत्या हंगामातल्या लोण्याचं असेल तेसुद्धा सांगितलं असतं, इतकं स्वच्छ. घरी जाताना मिरज-सांगली रस्त्यावर मी गाडीची काच खाली करून बसले होते. उसाचा रस, गरम डांबर, भजी, शेण, कुणाच्या तरी दारातली जाई. गटारसुद्धा आलं आणि मी नणंदेला फोन करून सांगितलं.

हे पुढं गेले होते, घर आवरायला. दारात उभे होते, नवा शर्ट घालून, लाजल्यासारखे. मी पायरीवर पाय ठेवला, हे पुढं होऊन माझी पिशवी घ्यायला वाकले. मी उंबऱ्यातच ओकले.

गाडी लागली असेल, असं आम्ही ठरवलं. संध्याकाळी ताटं वाढली, हे शेजारी बसले आणि मी तोंड दाबून मोरीत धावले. पित्त असेल, असं ठरवलं. तिसऱ्या खेपेला ठरवायला काही उरलं नाही.

हळदीवर संशय घेण्यात आमचा आठवडा गेला. यांनी यार्डात जाणं थांबवलं. शिकेकाई लावून आंघोळ, मग साबण, मग बेसन. ज्या माणसाला दिवसाची एक आंघोळही जास्तीची वाटायची, तो दिवसातून चार वेळा ओला होऊन बाहेर यायचा आणि बेडरूमच्या दारात उभा राहून विचारायचा, "येऊ का?" स्वतःच्या घरात! मी मान हलवेपर्यंत वास यायचा, आणि मान हलायची ती नकाराकडंच.

शेवटी मी डब्यातली हळद तळहातावर घेतली आणि डोळे मिटून हुंगली. छान होती. मातकट, उबदार, आमच्या साऱ्या संसाराचा वास. पोट गप्प. मी हळदीचा हात तसाच धरून ओट्यापाशी उभी राहिले. हळद असती तर किती बरं झालं असतं! धंदा बदलता आला असता.

तरी माझ्यातली टेबलावरची बाई ऐकेना. संघात मला माझी जागा परत मिळाली होती. दुपारच्या सुट्टीत मी प्रयोगशाळेतल्या शमा मुल्लाला गाठलं. तुपाला करतो तीच तपासणी: तीन झाकलेल्या वाट्या, दोन सारख्या आणि एक वेगळी, झाकणाखाली काय आहे ते फक्त मांडणाऱ्याला माहीत. शमानं दोन वाट्यांत तिच्या नवऱ्याच्या बनियनचे तुकडे ठेवले, एकीत यांच्या. नाक मुरडून म्हणाली, "मॅडम, निकाहात 'कबूल' म्हणायच्या आधी हे हुंगायला मिळालं असतं तर बरं झालं असतं."

पहिली वाटी: घाम, सुपारी, साबण. कुणीतरी परका पुरुष, काही वाटलं नाही. दुसरी वाटी तशीच. तिसरीचं झाकण पुरतं उघडलंसुद्धा नव्हतं, आणि शमा मला धरून बेसिनकडे नेत होती. नाकाड्यात तिन्ही वाट्या घातल्या तेव्हा त्यानं सांगितलं, तिन्ही वाट्यांत साधा घाम, फरक किरकोळ.

मी यांना सगळ्या तपासण्या करायला लावल्या. मनात कुठंतरी आशा होती, म्हणायलाही लाज वाटते, की यांना काहीतरी आजार निघावा आणि तो माझ्या नाकानं ओळखलेला असावा. म्हणजे या सगळ्याला काही अर्थ तरी राहिला असता. रक्त, लघवी, छाती, पोट, सगळं ठणठणीत. रिपोर्ट हातात घेऊन हे मला म्हणाले, "आता माझ्यात खोट काढायला जागाच राहिली नाही बघ." हसवायला म्हणाले, पण आवाज बसलेला होता.

डॉक्टर सबनीसांसमोर आम्ही दोघं शाळेतल्या पोरांसारखे बसलो आणि सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत, थकल्यासारख्या झाल्या. "काकू, नाक बिघडलेलं नाहीये. यांचा वास तुम्हाला बरोबर येतोय. त्याच्या मागची गोष्ट बदललीय. आता ती जनुकं परत कडेला जाऊन झोपलीत. लिहिलेलं मात्र राहिलंय."

"मग पुसा की," हे म्हणाले.

"पुसता येत नाही. वर दुसरं लिहिता येईल. थेंब पुन्हा द्यायचे. या वेळी मळमळ उतरल्यावरच तुम्ही आत जायचं, आणि त्या वेळात काकूंना बरं वाटलं पाहिजे. पण मांडणी दुसऱ्यांदा सोडवली की पाचातल्या एकाच्या पेशी पुन्हा निवड करतच नाहीत. वास जातो तो कायमचा. आणि ठरवायचं तर महिन्याच्या आत. मग गाठी इतक्या घट्ट बसतात की थेंबांना दाद देत नाहीत."

तो महिना आमच्या घरात कुणी सरळ बसलं नाही. मी नाकाला चिमटा लावून फिरायची, पोहणारे लावतात तसला. चिमटा लावला की यांच्या शेजारी बसता यायचं, पण तोंडाला चव नाही आणि बोलणं गेंगाणं. ताटावर बसलो की हे माझ्याकडे न बघता जेवायचे. रात्री झोपायला गोडाऊनवर जायला लागले, पोत्यांची राखण करायला म्हणून. पोती इतकी वर्षं कुणी चोरली नव्हती.

"तू काही थेंबबिंब घेऊ नको," हे मला म्हणाले. "नाक मिळालंय, काम मिळालंय. मी काय, गोडाऊनात पडंन. सवय होतीया."

"सवय? मला तुमची सवय मोडायची नाहीये!" मी चिमट्यातून ओरडले. असला मोठेपणा मला सहन होत नाही. भांडले असते तर बरं वाटलं असतं. "तीन वर्षं मी तुम्हाला फोटोसारखी बघत होते. तेव्हा निदान शेजारी तरी होता. आता वास येतोय आणि माणूस गोडाऊनात. मला दोन्ही पाहिजे."

"आणि दोन्ही गेलं तर?"

संघातल्या साहेबांनीही समजावलं, मॅडम, परत वास गेला तर टेबल पुन्हा देता येणार नाही. मी टेबलापाशी उभी राहून तळहातावरचं तूप हुंगलं. उत्तम उतरलं होतं. डोळ्यांत पाणी आलं, आणि मी नमुन्यावर सही करून सुट्टीचा अर्ज दिला.

दुसऱ्या खेपेला हे नियम पाळण्यात इतके कडक झाले की नर्सच वैतागल्या. धुतलेले सुती कपडे, फोन घरी, खिशात काही नाही, मळमळ उतरल्याचा निरोप आल्याशिवाय जिना चढायचे नाहीत. पहिल्याच थेंबांनी मला वास येणं पुन्हा थांबलं होतं, त्यामुळे हे आत आले की खुर्ची ओढून पलंगाशी बसायचे. मग आम्ही एकमेकांकडे बघायचो.

"बरं वाटतंय का?" हे विचारायचे.

"वाटून घेतेय."

"एखादा विनोद सांगू?"

हे यार्डातले विनोद सांगायचे, मला लग्नापासून पाठ असलेले. मी हसायची, आणि हसताना भीती वाटायची की हे खोटं हसू तसंच्या तसं लिहिलं जातंय. एकदा भांडण पेटलं ते यावरून, की मला यांच्याबरोबर नेमकं कधी बरं वाटतं. हे म्हणाले महाबळेश्वर. मी म्हटलं, महाबळेश्वरात तुम्ही दोन्ही दिवस हळदीच्या भावावर फोनवर होता. "चिडू नको, चिडू नको," हे हात जोडून म्हणाले, "चिडलीस तर तेच बसेल!" आणि दचकून दाराबाहेर पळाले. इतक्या वर्षांचा संसार, आणि हुकमी आनंद म्हणून काढायला गेलो तर हाती काही लागेना. वाईट नव्हतं हो काही. फक्त असं वेगळं काढून ठेवलेलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी निरोप गेला आणि हे आलेच नाहीत. आधी मी कुरकुरले. मग खिडकीपाशी गेले. नर्सला खाली बघायला पाठवलं, तर बाकावर कुणी नव्हतं. घरी जाऊन येतो म्हणून सकाळीच गेले होते म्हणे. घरी फोन लावला तर वाजत राहिला. मिरज-सांगली रस्ता माझ्या डोळ्यांपुढं उभा राहिला, त्यावरचे ट्रक, त्यावरच्या बिनचालकाच्या बसगाड्या. मी त्या बिनवासाच्या खोलीत येरझाऱ्या घालायला लागले. नाक गेलं चुलीत, टेबल गेलं चुलीत, एवढा एक माणूस त्या दारातून येऊ दे.

दार उघडलं. हे उभे होते, घामानं निथळत, धुळीनं भरलेले. पुलावर मोर्चा अडवला होता, गाडी तिथंच सोडून उन्हातून चालत आले होते. "उशीर झाला. आत यायचा का नाही? घाम आलाय," असं काहीतरी पुटपुटत होते. मी धावले आणि यांच्या शर्टाला दोन्ही मुठींनी धरलं. "कुठं मेला होता!" म्हणून किंचाळले, रडले, छातीवर डोकं आपटलं, आणि तिथंच तोंड खुपसून उभी राहिले. यांना काय करावं ते कळेना. शेवटी माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "आलोय की. आलोय."

नंतर डॉक्टरांनी विचारलं, आज कसं वाटलं? मी सांगितलं, बरं वाटलं. खोटं नव्हतं ते.

मग वाट पाहणं. बाटल्या हुंगल्या, पाणी हुंगल्यासारखं. मला घरी पाठवलं. हे गोडाऊनातून परत आले, शेजारी झोपायला लागले, मला काही त्रास नाही, कारण काही वासच नाही. रात्री यांचा हात उशाशी असायचा. एखादे वेळी वाटायचं, नाही आलं नाक परत तरी चालेल. आणि लगेच जीव घाबरा व्हायचा, की मनात आणलं म्हणून खरंच येणार नाही.

एका सकाळी ओट्यापाशी भाजी चिरत होते. एकाएकी छातीत धडधडायला लागलं. काही कारण नाही. कुणीतरी घरातून निघून गेलंय आणि परत यायचंय, असं वाटायला लागलं. मी सुरी ठेवली, मुलीला फोन केला, ती मजेत होती. धडधड वाढतच चालली. मागं वळून बघते तर हे आंघोळ करून, टॉवेल खांद्यावर टाकून, माझ्यामागं पाणी प्यायला आलेले.

मी पुढं झाले आणि यांच्या मानेशी नाक नेलं. चंदन, साबण, आणि खाली यांचा स्वतःचा वास. पोट गप्प होतं. काळीज मात्र पुलावर उभं होतं.

"येतोय?" यांनी विचारलं. श्वास धरून ठेवला होता.

"येतोय."

"मग मळमळ?"

"नाही हो," मी म्हणाले. "तुमची काळजी वाटते."

बाकीचे वास मागून एकेक करून आले. टेबल परत मिळालं. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, शेवटच्या दिवसाची भीती लिहिली गेलीय, काकू. अजून थोडे दिवस आहेत. पुन्हा एकदा प्रयत्न करायचा का? सुखाचं काहीतरी बसवता येईल.

"त्रास होतोय का पण?" त्यांनी विचारलं.

"होतोय," मी म्हणाले. "हे शेजारी बसले की वाटत राहतं, यांना काही होईल. जेवताना वाटतं, झोपताना वाटतं. सारखं विचारते, कुठं निघालात, कधी येणार. यांना आवडतंय ते. इतकी वर्षं कुणी विचारलं नव्हतं म्हणे."

"मग करूया?"

मी यांच्याकडे पाहिलं. हे दाराकडे बघत होते, माझ्यावर सोपवून. मी म्हटलं, नको.

परवा हे यार्डात निघाले. मी दारात उभी होते. हे चपला घालेपर्यंत माझी छाती उडत होती. पायरी उतरले, फाटकापाशी गेले, रस्त्याला लागले. वास विरळ होत गेला, तशी धडधडही उतरली. मग ती पार थांबली. सगळं शांत झालं. तापाच्या साथीपासून इतकं शांत मला कधी वाटलं नव्हतं. एवढ्याचसाठी तर मी तळमळत होते.

तशीच मिनिटभर उभी राहिले. ती शांतता मला सोसवेना. चपला पायात सरकवल्या, दार ओढून घेतलं, आणि "अहो, थांबा की!" म्हणत यांच्यामागं धावले.